कोऱ्या चौकटीतील मराठी : ॲप व संकेतस्थळांच्या आराखड्यांची भाषिक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या जोडीला चित्रपट, वृत्तपत्र आणि जाहिरात यांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे. परंतु ज्या मजकुराशी सर्वसामान्य माणसाचा आज दिवसातून अनेकदा संबंध येतो, तो मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर समीक्षेच्या परिघाबाहेरच राहिला आहे. बटणावरील दोन शब्द, रकान्यावरील मथळा, चूक झाल्यावर उमटणारे एखादे वाक्य यांना आपण 'लेखन' मानत नाही. ते यंत्राचे बोलणे आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ते कोणीतरी लिहिलेले असते आणि त्याआधी कोणीतरी त्याची जागा आखून ठेवलेली असते. ही आखणी आज विशिष्ट सॉफ्टवेअरच्या साहाय्याने होते. त्या आखणीत मराठी भाषेला कोणते स्थान मिळते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न पारोळ्यासारख्या गावातून विचारण्यास कारण आहे. जळगाव जिल्ह्यातील पारोळा हे धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण होय. भोवतालचा मुलूख कापसाचा आणि घराघरांतील बोली अहिराणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी प्रकल्प राज्यभर सुरू झाला. तोवर शेतातील पिकाची नोंद तलाठी करीत असे. आता ती शेतकऱ्याने स्वतः आपल्या मोबाइलवरून, पिकाच्या छायाचित्रासह करावी अशी व्यवस्था आली. या बदलाचा अर्थ केवळ प्रशासकीय नाही. जो आजवर शासकीय दस्तऐवजाचा विषय होता, तो शेतकरी त्या दस्तऐवजाचा लेखक झाला. पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांच्याशी या नोंदीचा संबंध येत असल्याने पडद्यावरील एक शब्द चुकीचा कळणे ही त्याच्या दृष्टीने किरकोळ बाब राहत नाही.

येथे कोणत्याही प्रत्यक्ष ॲपचे गुणदोष मोजण्याचा हेतू नाही. तपासायची आहे ती ॲप व संकेतस्थळ तयार होण्यापूर्वी त्यांचा कच्चा आराखडा, म्हणजेच प्रोटोटाइप, करण्याची पद्धत. विवेचनाच्या सोयीसाठी पीकनोंदीच्या पडद्याचा एक सराव-आराखडा कल्पिला आहे. पुढील उदाहरणे त्या कल्पित आराखड्यातील आहेत.

साधनांची वाटचाल

पडद्याचा आराखडा करण्याची साधने गेल्या दोन दशकांत झपाट्याने बदलली. ॲक्शर हे सॉफ्टवेअर २००३ मध्ये आले. २००८ मध्ये आलेल्या बाल्सामिकने आपल्या रेषा मुद्दाम हाताने काढल्यासारख्या वाकड्या ठेवल्या. २०१० मधील स्केच केवळ मॅक संगणकावर चालणारे होते. २०१६ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले फिग्मा मात्र ब्राउझरमध्ये चालते. यामुळे एक महत्त्वाची गोष्ट घडली. महागडा संगणक नसलेल्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही, इंटरनेट असेल तर, सॅन फ्रान्सिस्को येथील व्यावसायिकाच्या हाती असलेले साधनच वापरता येऊ लागले. साधनांच्या विषमतेचा प्रश्न काही अंशी तरी सुटला, हे मान्य करावयास हवे.

या साधनांचे स्थैर्य मात्र मर्यादित आहे. अडोबी कंपनीने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये फिग्मा वीस अब्ज डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो व्यवहार सोडून दिला. दरम्यान तिने स्वतःच्या एक्सडी या साधनाचा पुढील विकास थांबवला होता. एके काळी सर्वत्र वापरले जाणारे इनव्हिजन २०२४ च्या अखेरीस बंद झाले. ज्या अभ्यासक्रमात केवळ एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे शिकवली जातात, तो अभ्यासक्रम त्या सॉफ्टवेअरबरोबरच कालबाह्य होतो. टिकते ती आराखड्यामागील विचार करण्याची रीत. म्हणूनच साधनापेक्षा रीत तपासणे अधिक अगत्याचे ठरते.

ही रीत थोडक्यात अशी. प्रथम मोबाइलच्या मापाची एक कोरी चौकट घेतली जाते. तीत मथळा, रकाने, बटणे यांची जागा ठरते. वारंवार लागणारे घटक एकदाच तयार करून सर्वत्र वापरले जातात. मग एका चौकटीतील बटण दुसऱ्या चौकटीशी जोडले की दाबल्यावर पुढचा पडदा येतो. एकही ओळ संगणकीय आज्ञावली न लिहिता चालत्या ॲपचा भास निर्माण होतो. हा भास हेच प्रोटोटाइपचे बळ होय. चूक कागदावर असतानाच सापडावी, म्हणजे ती प्रत्यक्ष बांधणीत महाग पडू नये, हा त्यामागील हेतू आहे.

निरर्थक मजकुराची परंपरा

कोऱ्या चौकटीत जागा भरण्यासाठी आराखडाकार बहुधा 'लोरेम इप्सम' या शब्दांनी सुरू होणारा मजकूर टाकतो. हा मजकूर सिसेरोच्या एका लॅटिन ग्रंथातील उताऱ्याची मोडतोड करून बनला आहे. १९६० च्या दशकात लेट्रासेटच्या अक्षरपत्रकांमुळे तो प्रसिद्ध झाला आणि १९८० च्या दशकात पेजमेकरमुळे संगणकावर आला. वाचकाने अर्थात गुंतू नये, केवळ मांडणीकडे पाहावे, ही त्यामागची भूमिका. छापील पानाच्या बाबतीत ती काही प्रमाणात समर्थनीय होती. लेखकाचा मजकूर पुढे येणारच होता आणि तो वाचण्यासाठीच येणार होता.

पडद्याची गोष्ट वेगळी आहे. येथे मजकूर हाच कृतीचा मार्ग असतो. 'पुढे जा', 'छायाचित्र घ्या', 'नोंद जतन करा' हे शब्द वाचल्याशिवाय माणूस एक पाऊलही टाकू शकत नाही. अशा ठिकाणी अर्थशून्य मजकुराने आराखडा पूर्ण करणे म्हणजे दरवाजे कोठे आहेत हे न ठरवता भिंती बांधण्यासारखे आहे. मराठीच्या बाबतीत तर ही हानी दुहेरी होते. आधी लॅटिन मजकुराने जागा ठरते, नंतर त्या जागेत इंग्रजी शब्द बसवले जातात आणि सर्व मान्यता मिळाल्यावर, शेवटच्या टप्प्यात, त्या इंग्रजी शब्दांचे मराठीकरण होते. मराठी ही तिसऱ्या क्रमांकाने येणारी भाषा ठरते. तिच्या वाट्याला येते ती दुसऱ्या भाषेच्या मापाने शिवलेली बंडी.

सामान्यरूपाचा प्रश्न

याचे सर्वांत बोलके उदाहरण गावाच्या नावाचे आहे. इंग्रजीत विचार करणारा आराखडाकार असे वाक्य रचतो : एक मोकळी जागा, तीत गावाचे नाव आणि त्याला जोडून ठरलेला शब्द. इंग्रजीत गावाचे नाव बदलत नाही. म्हणून कोणतेही नाव त्या जागेत बसते. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते. 'पारोळा' या नावाला 'मध्ये' जोडताच 'पारोळ्यामध्ये' असे रूप व्हावयास हवे. यंत्र मात्र ठरलेल्या साच्यानुसार 'पारोळामध्ये' असे लिहिते. हाच प्रकार इतर नावांचा. धुळे या नावाचे 'धुळ्यात', चोपड्याचे 'चोपड्यात', पाचोऱ्याचे 'पाचोऱ्यात' होते, तर शिरपूरचा दीर्घ ऊकार ऱ्हस्व होऊन 'शिरपुरात' असे रूप सिद्ध होते. आराखडाकाराने नमुन्यादाखल केवळ 'जळगाव' हे नाव घेतले असेल, तर 'जळगावमध्ये' हे रूप कानाला खटकत नाही आणि साच्यातील दोष लपून राहतो. आराखड्यात कोणते नाव नमुन्यादाखल घ्यावे हा प्रश्न म्हणूनच व्याकरणाचा आहे. 'पारोळा' हे नाव घेतले असते, तर दोष पहिल्याच दिवशी दिसला असता.

वचनाचेही तसेच. 'तुमच्या ५ नोंदी आहेत' हा साचा एका नोंदीसाठी 'तुमच्या १ नोंदी आहेत' असे बोलतो. येथे केवळ 'नोंद' हे रूप बदलून भागत नाही. 'तुमची' आणि 'आहे' हीही रूपे बदलावी लागतात. मराठी वाक्य हे सुट्या भागांची जुळणी नसून त्यातील पदे परस्परांशी लिंगवचनाने बांधलेली असतात, हे आराखड्याच्या टप्प्यावरच लक्षात आले नाही, तर पुढे ते दुरुस्त करणे कठीण जाते.

लिंगाचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे व्याकरणाबरोबर न्यायाचाही संबंध येतो. नोंदीच्या अखेरीस घोषणापत्र असते. 'मी असे घोषित करतो की' हे त्याचे नेहमीचे रूप. सातबाऱ्यावर जिचे नाव आहे अशी स्त्री शेतकरी हे वाक्य वाचते, तेव्हा भाषा तिला दुसऱ्याच्या नावाने बोलावयास लावते. 'करतो/करते' असा पर्याय तिरप्या रेषेने देणे हा एक उपाय आहे. पण तो ओबडधोबड वाटतो. प्रमाण मराठीतच याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. 'मी असे घोषित करीत आहे' या वाक्यात लिंगभेद उरत नाही. भाषा जाणणारा माणूस आराखड्याच्या वेळी उपस्थित असेल, तर हा बदल करण्यास काही क्षण पुरतात. तो शेवटी केवळ भाषांतरापुरता बोलावला गेला, तर समोर इंग्रजी वाक्य असते आणि त्या वाक्यात लिंगाचा प्रश्नच नसतो. साहजिकच तो त्याला सुचत नाही.

लिपीची उंची

भाषेनंतर लिपीचा विचार केला पाहिजे. देवनागरी अक्षर शिरोरेषेच्या वर आणि खाली दोन्ही दिशांना वाढते. 'र्की', 'ट्टू', 'द्धृ' अशी अक्षरे लॅटिन अक्षरांच्या मापाने आखलेल्या ओळीत कोंडतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. गूगलच्या मटेरियल डिझाइन या मार्गदर्शनात लिप्यांचे तीन गट कल्पिले होते : इंग्रजी व इंग्रजीसारख्या, उंच आणि दाट. हिंदीच्या निमित्ताने देवनागरी 'उंच' गटात येते आणि तिच्या ओळींमध्ये अधिक अंतर सोडावे असे तेथे सांगितले होते. ही सूचना उपयुक्त आहे. मात्र वर्गीकरणाची परिभाषा लक्षात घेण्याजोगी आहे. देवनागरी उंच ठरते ती इंग्रजी हे माप धरल्यामुळे. मराठी वाचणाऱ्याच्या दृष्टीने देवनागरी उंच नाही. लॅटिन बुटकी आहे. माप कोणाचे, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या चौकटीपाशीच सुटलेला असतो.

मराठीच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. देवनागरीच्या अंतर्गतही तिची वळणे वेगळी आहेत. 'ल' आणि 'श' यांचे मराठी वळण हिंदीहून भिन्न आहे. काही फाँटमध्ये हे वळण समाविष्ट असते. पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले तरच ते उमटते. ते न सांगितल्यास मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो. 'ऱ्य' या अक्षराचे तर अर्थालाच महत्त्व आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे. पीकनोंदीच्या पडद्यावरील 'शेतकऱ्याचे नाव' हा पहिलाच मथळा घेतला, तर त्यात सामान्यरूपही आहे आणि 'ऱ्य'ही आहे. मराठी आराखड्याची परीक्षा घेण्यास याहून उत्तम शब्द सापडणे कठीण. आणि ज्या 'ॲप' या शब्दाभोवती ही सारी चर्चा फिरते, त्याचे पहिले अक्षर 'ॲ' हे युनिकोडमध्ये आले तेच २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. पुढल्याच वर्षी, ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने, मराठीसाठी प्रमाणित वर्णमाला ठरवून देण्यात आली. तोवर ही अक्षरे ज्याने त्याने आपापल्या समजुतीने लिहावीत अशी स्थिती होती.

या क्षेत्रात मराठी माणसांनी केलेले कार्य नमूद करणे अगत्याचे आहे. अक्षरकार र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी घडवलेला 'मंगल' हा फाँट विंडोजबरोबर असंख्य संगणकांवर पोहोचला. एक टाइप या संस्थेचे 'मुक्ता' व 'बालू' हे फाँट कोणालाही विनामूल्य वापरता येतात. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात तयार झालेला 'स्वरचक्र' हा २०१३ मधील कळफलक तर आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष अभ्यसनीय होय. इंग्रजी कळफलकाच्या कळांवर देवनागरी अक्षरे चिकटवण्याचा मार्ग त्याने सोडला. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती बाराखडीचे चक्र उमटेल अशी योजना केली. शाळेत पाटीवर गिरवलेली वर्णमाला हाच येथे आराखड्याचा पाया झाला. भाषेच्या आतल्या तर्कातून इंटरफेस उभा राहू शकतो, याचे हे प्रमाण आहे.

'नमुना' या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'नमुना' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक मासला किंवा कच्चे रूप. दुसरा, भरावयाचे विहित पत्रक. महसूल विभागाचे गाव नमुने एक ते एकवीस या क्रमांकांनी ओळखले जातात आणि सातबारा हा नमुना सात व नमुना बारा यांचा संयोग आहे. पडद्यावरील रकान्यांची भाषा आपल्याकडे नवीन नाही, एवढा बोध यातून घ्यावा. मराठी मुलखात पत्रके आखण्याची दीर्घ परंपरा आहे आणि वर चर्चिलेल्या काही अडचणींवर तिने फार पूर्वीच उपाय शोधले होते. 'मु. पो.', 'ता.', 'जि.' या संक्षेपांनंतर गावाचे नाव मूळ रूपात लिहिता येते. 'पारोळा येथे' असे लिहिले की सामान्यरूपाची गरजच उरत नाही. छापील पत्रक लिहिणाऱ्या कारकुनाला हे ठाऊक होते. आजच्या आराखडाकाराने त्याच्याकडून शिकावयास हरकत नसावी.

ही परंपरा निर्दोष होती असे मात्र नाही. सातबाऱ्याची भाषा सामान्य शेतकऱ्याला नेहमीच अवघड गेली आणि ती समजावून सांगण्यासाठी मध्ये कोणीतरी लागत असे. पडद्याने तो मध्यस्थ दूर केला. पण भाषा तशीच ठेवली, तर शेतकरी अधिक एकटा पडतो. क्षेत्राचा रकाना पाहावा. शासकीय नोंद हेक्टर व आर यांत होते. शेतकरी एकर व गुंठे यांत बोलतो. एका एकराचे चाळीस गुंठे आणि एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर. ज्याच्याजवळ एक एकर कापूस आहे, तो 'क्षेत्र' या मथळ्याखाली '१' लिहील आणि नोंद एक हेक्टरची, म्हणजे जवळजवळ अडीच एकरांची होईल. त्याने असत्य लिहिलेले नाही; त्याला प्रश्न नीट विचारला गेला नाही. आराखड्यात या रकान्यात शोभेसाठी '१२३४' असा आकडा टाकलेला असेल, तर हा घोटाळा कोणाच्या लक्षात येणार? उलट आराखडाकाराने खऱ्या शेतकऱ्याला लागू पडेल असा आकडा टाकला असता, तर एकक निवडण्याची सोय द्यावी किंवा भरलेल्या आकड्याखाली 'म्हणजे सुमारे अडीच एकर' असे उमटवावे, हे आपोआप सुचले असते.

'पोटखराबा', 'चालू पड', 'मिश्र पीक' हे शब्द शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या जागी इंग्रजीवरून घडवलेले नवे शब्द योजण्याचे कारण नाही. तसेच जेथे 'ओटीपी', 'फोटो', 'मोबाइल नंबर' हे शब्द गावात रुळले आहेत, तेथे क्लिष्ट प्रतिशब्दांचा आग्रहही अनाठायी ठरतो. शब्दाची निवड करताना तो शुद्ध आहे की नाही याआधी तो बाजारात, चावडीवर, बांधावर उच्चारला जातो की नाही हे पाहिले पाहिजे.

चकचकीत नमुना आणि वापरणाऱ्याचे मौन

आजच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा आराखडाही पक्क्या ॲपसारखा दिसतो. हा गुण समजला जातो. परंतु अनुभवी मंडळींनी याविषयी फार पूर्वी सावध केले होते. मार्क रेटिग यांनी १९९४ मध्ये कागदी नमुन्यांचा पुरस्कार करताना असे निरीक्षण मांडले की, नमुना सुबक असेल तर पाहणारे रंग आणि अक्षरे यांवर बोलतात, मुख्य रचनेवर बोलत नाहीत. आणि तो करणाराही बदल करण्यास नाखूश असतो. बाल्सामिकच्या वाकड्या रेषांमागे हीच जाण होती.

आपल्या ग्रामीण समाजात याला आणखी एक पदर आहे. शहरातून आलेला सुशिक्षित तरुण मोबाइल पुढे करून 'कसे वाटते?' असे विचारतो, तेव्हा वयाने मोठा शेतकरीसुद्धा 'चांगले आहे' असेच म्हणतो. त्यात सौजन्य असते, पाहुण्याचा मान असतो आणि आपल्याला कळले नाही हे सांगण्याचा संकोचही असतो. त्या होकाराला संमती समजणे ही आराखडाकाराची फसगत होय. याउलट कागदावर पेन्सिलीने काढलेल्या चौकटी समोर ठेवल्या आणि 'यात कोठे काय लिहाल?' असे विचारले, तर तोच माणूस बोट ठेवून चूक दाखवतो, कारण ते काम अजून पुरे झालेले नाही हे त्याला दिसते. म्हणून पहिली फेरी कागदाची, दुसरी सॉफ्टवेअरची असा क्रम ठेवणे श्रेयस्कर. विचारणाही मताची न करता कृतीची करावी. 'आवडले का?' यापेक्षा 'तुमच्या कापसाची नोंद करून दाखवा' ही विनंती अधिक सांगून जाते.

जेकब नील्सन यांनी २००० मध्ये पाच जणांकडून तपासणी करून घेतली तरी बहुतेक दोष सापडतात असे प्रतिपादन केले. वापरणारे परस्परांहून भिन्न गटांतील असतील, तर प्रत्येक गटातील माणसे घ्यावीत, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती. पहिले विधान सर्वत्र उद्धृत होते, पुस्ती विसरली जाते. पारोळा तालुक्यात ही पुस्ती अत्यंत महत्त्वाची आहे. 'आहे' या अर्थी 'शे' म्हणणारी वृद्ध स्त्री, महाविद्यालयात शिकणारा तिचा नातू आणि दुसऱ्याची शेती बटाईने करणारा कष्टकरी हे तीन स्वतंत्र वाचक आहेत. जिल्ह्याच्या पूर्व भागातील लेवा गणबोलीत बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांनी गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ती गाणी इतरांनी ऐकून उतरवून घेतली, म्हणूनच १९५२ मध्ये ग्रंथरूपाने वाचकांपुढे येऊ शकली. या प्रदेशात ज्ञान मुखातून कानाकडे जात आले आहे. तेव्हा पडदा केवळ वाचता येणारा न राहता बोलणाराही असावा आणि त्याचे बोलणे आराखड्यातच लिहिले जावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

चूक सुधारण्याची संधी हा याच विचाराचा पुढचा भाग होय. ई-पीक पाहणीच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा देण्यात आली. वापरणारा चुकू शकतो आणि त्यात त्याचा दोष नसतो, हे व्यवस्थेने मान्य केल्याची ही खूण आहे. आराखड्यात मात्र बहुधा सर्व काही सुरळीत पार पडल्याचेच पडदे काढले जातात. चुकलेल्या, गोंधळलेल्या, रेंज गेलेल्या माणसाचा पडदा काढलाच जात नाही. तो आधी काढावा.

काही आक्षेप

येथे काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, हे सारे दोष भाषांतराचे आहेत, सॉफ्टवेअरचे नव्हेत. यात तथ्य आहे. उदाहरणार्थ, फिग्मात २०१९ पासून मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहानमोठी होण्याची सोय आहे, आणि लांब मराठी शब्दांना ती उपकारकच ठरते. परंतु सोय असणे आणि ती वापरण्याची गरज भासणे यांत अंतर आहे. जो इंग्रजी शब्दांनीच आराखडा पूर्ण करतो त्याला ही गरज भासत नाही. साधन तटस्थ असले तरी त्याच्या वापराची सवय तटस्थ नसते.

दुसरा आक्षेप वेळेचा. मराठीत प्रथम विचार करण्यास वेळ लागतो, असे म्हटले जाते. मात्र जो वेळ आराखड्यात वाचवला जातो, तो पुढे कोणीतरी देतोच. कधी तो शेतकरी शेजारच्या मुलाची वाट पाहत बसतो, तर कधी चुकलेली नोंद दुरुस्त करण्यासाठी तालुक्याच्या गावी हेलपाटे घालतो. हा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात दिसत नाही, एवढेच.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. प्रमाण मराठीचा आग्रह धरून अहिराणी बोलणाऱ्यावर आपण दुसरी परकी भाषा तर लादत नाही ना? या प्रश्नाला पूर्ण समाधानकारक उत्तर प्रस्तुत लेखकाजवळ नाही. लेखी नोंदीची भाषा प्रमाण मराठी राहणे व्यवहार्य दिसते. परंतु सूचना ऐकवताना बोलीचा स्वीकार करता येईल. निदान बोली बोलणाऱ्यांसमोर आराखडा तपासल्याशिवाय तो पुरा झाला असे मानू नये.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पडद्याचा आराखडा हे रेखाटन असले, तरी त्याआधी ते लेखन आहे. त्यात कोणते शब्द प्रथम लिहिले जातात, यावर पुढील सर्व मापे अवलंबून असतात. म्हणून आराखड्याची सुरुवात खऱ्या मराठी वाक्यांनी व्हावी, गावांची नावे मुद्दाम विकारी घ्यावीत, आकडे आणि एकके खऱ्या व्यवहारातील असावीत आणि तपासणीची पहिली फेरी कागदावर व्हावी. या चारही गोष्टींना पैसा लागत नाही. त्यांना भाषेचे भान असलेला माणूस पहिल्या दिवसापासून सोबत लागतो.

असा माणूस तयार करणे हे आपल्या महाविद्यालयांचे काम आहे. संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि मराठीचा विद्यार्थी एकाच इमारतीत शिकतात. परंतु त्यांची गाठ पडत नाही. पहिला सामान्यरूप विसरलेला असतो आणि दुसऱ्याला आपल्या व्याकरणाचा असा उपयोग असू शकतो हे कोणी सांगितलेले नसते. दोघांनी मिळून एका पडद्याचा आराखडा करावा, तो घेऊन आठवडी बाजारात किंवा शेतावर जावे आणि परत येऊन तो बदलावा, एवढा प्रकल्पही पुरेसा बोधप्रद ठरेल. पारोळ्याशेजारच्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने सुरू झालेली विप्रो पुढे जगभर सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी झाली. खानदेशच्या मातीला संगणकाचे वावडे नाही, हे यावरून दिसते. आता प्रश्न एवढाच उरतो की, खानदेशातील माणसाने ज्या पडद्यावर आपल्या शेताची नोंद करावयाची, त्या पडद्यावरील पहिला शब्द लिहिताना खानदेशातील कोणी उपस्थित असणार आहे की नाही. त्याचे उत्तर सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. ते आपल्या अभ्यासक्रमांना आणि अध्यापकांना द्यावे लागेल.